अर्धा नक्शा

मयताच्या चाळिसाव्या दिवसाचा हलवा वाटून झाला आणि दुसऱ्याच दिवशी गालिच्यांच्या व्यापाऱ्याचा, हाजी नेमतचा निरोप आला. दोन बाय तीन मीटरचा गालिचा हवा, निळ्या जमिनीवर, मधोमध पदक म्हणजे मोठी गोल नक्षी. तूबा खानम घेणार असतील तर शनिवारी येतो, भाव ठरवू.

तूबा खालाने निरोप ऐकला, निरोप्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मागावरची चादर काढून त्याच्या लाकडावरून ओला फडका फिरवू लागली. माग रिकामा होता. वसंतात त्याच्यावरून शेवटचा गालिचा उतरला आणि त्यानंतर महिन्याभरात खालाची थोरली बहीण एशरत गेली. दोघींनी त्या मागासमोर एकाच फळीवर बसून बत्तीस वर्षं काढली होती. एकीने नक्शा वाचायचा, दुसरीने ऐकून गाठ मारायची.

फर्झाने ही एशरतची एकुलती एक मुलगी; तूबा तिची खाला, म्हणजे मावशी. इस्फहानला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून ती इथे गावी, आरानमध्येच राहिली होती. ती फारशी रडली नाही, याची चर्चा गल्लीत झाली होती आणि तिच्या कानावरही आली होती. ती सकाळी उठायची, अंगण झाडायची, आलेल्यांना खजूर द्यायची, आणि दुपारी सगळे आडवे झाले की आईच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. पान उलटायचं तेवढं राहून जायचं.

हाजीच्या निरोपाने घरात काय वादळ उठवलंय हे तिला जमीलेने सांगितलं. जमीले शेजारची सून, सव्वीस वर्षांची, फळीवरची तिसरी जागा तिची. तोंड तिखट, हात त्याहून तेज.

“खाला बोलणार नाही, मीच सांगते,” ती म्हणाली. फर्झानेला ती आबजी, म्हणजे ताई म्हणायची. “भाव कमी सांगितला तर दोन वर्षं फुकट विणायचं. जास्त सांगितला तर हाजी नूशाबादच्या बायकांकडे जाईल आणि हा माग सरपणाला. तू एवढी शिकलेली, आबजी. परक्यांच्या पोरींना गणितं घालतेस, घरच्यांचं एक सोडव की.”

हाजीचा बाप होता तोवर लोकर तोच पाठवायचा. नेमतने ती रीत मोडली. आता लोकर विणणारीने आणायची, लोकरीचा आकडा पहिल्या दिवशी ठरवायचा, त्यातली थोडी उचल आधी आणि बाकीचे पैसे गालिचा उतरल्यावर. मजुरीचं गाठींवर ठरलेलं होतं, तिथे वाद नव्हता. घोडं अडायचं ते लोकरीपाशी. चोवीस किलो लोकर एकदम घेण्याइतका पैसा कुणाच्याच हाती नसायचा, म्हणून महिन्याला एक किलो, लागेल तशी आणायची. गेल्या खेपेला एशरतने त्या दिवशीच्या भावाने चोवीस किलोंचा हिशेब सांगितला. लोकर तेव्हा दोन लाख दहा हजार तोमान किलो होती. मग ती चढत गेली. वरच्या किनारीला पोचेपर्यंत एशरतच्या हातात बांगडी राहिली नाही, हे फर्झानेला माहीत होतं. ती सुट्टीत आली तेव्हा आईने बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या, आणि फर्झानेने ते पाहूनही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिने खालाला विचारलं, की त्या दोन वर्षांत लोकर कधी किती होती हे आठवतंय का.

खालाने हात झटकले. तारखा तिच्या डोक्यात कधीच राहिल्या नव्हत्या. मग जमीलेने आपला फोन काढला. गालिचा मागावरून कापला त्या दिवशी अंगणात अंथरून काढलेला फोटो त्यात होता. खालाने तो हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवलं.

“हे बघ, इथे निळा बदलतो.”

फर्झानेला काही दिसेना. जमीलेने फोटो मोठा करून दाखवला. खरंच, निळ्या जमिनीत एक अगदी पुसट आडवा पट्टा होता, त्याच्यावर निळा कणभर गडद. रंगारी तोच, रंग तोच, पण रंगाऱ्याने लोकरीचा नवा घाणा काढला की रंग जरा वेगळा चढतो, आणि भावही नवा लागतो. असे नऊ पट्टे खालाने मोजून दाखवले. म्हणजे नऊ वेळा भाव ठळकपणे बदलला होता आणि नऊ वेळा एशरत रंगाऱ्याशी भांडून आली होती.

“हा पट्टा लागला तेव्हा जमीलेचा पोरगा तापाने फणफणला होता. पाचवा महिना. दोन लाख साठ. हा पदकाच्या पोटातला, तेव्हा बर्फ पडलं, तीन लाख चाळीस सांगितले मेल्याने. आणि हा, वरच्या किनारीच्या जरा खाली…” तिथे ती थांबली. त्या पट्ट्याचा भाव तिने सांगितला नाही. जमीलेने हळूच सांगितला, चार लाख तीस.

आईच्या पेटीत नक्शाचा कोरा कागद होता, बारीक घरं छापलेला, ज्याच्यावर नक्शा रंगवतात तो. फर्झानेने त्यावर आडवे महिने मांडले, उभे भाव, एक घर म्हणजे दहा हजार तोमान. नऊ ठिपके दिले. ते एका रेघेवर नव्हते, पण रेघेच्या आसपासच होते; कुणी जरा वर, कुणी जरा खाली, वर्गात मुली रांगेत उभ्या राहतात तसे. तिने पट्टी ठेवून मधून रेघ ओढली.

“सुरुवात एकवीस घरांवर,” ती म्हणाली, “आणि मग दर महिन्याला एक घर पुढे, एक घर वर. एवढंच. कुठल्याही महिन्याचा भाव हवा असेल तर सुरुवातीची घरं घ्यायची आणि जितके महिने झाले तितकी त्यात मिळवायची.”

“एक पुढे, एक वर,” जमीले म्हणाली. “म्हणजे नक्शातल्या वेलीचा देठ. हे शिकवायला सरकार तुला पगार देतं?”

खाला हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. मग तिने कागद जवळ ओढला आणि रेघेखालची घरं पाहत राहिली. तिला घरं मोजायला वेळ लागत नसे; दहा-दहाची मोजणी तिच्या डोळ्यांतच होती. गेल्या खेपेला एशरतने मागितला तो रेघेच्या पायथ्याचा आडवा पट्टा, आणि पदरचं गेलं ते वरचं सगळं त्रिकोणी खिंडार. दोनशे शहात्तर घरं. साडेसत्तावीस लाखांच्या वर. तिने तळहात त्या त्रिकोणावर ठेवला.

जमीलेने विचारलं, की पुढची दोन वर्षंही अशीच चढतील कशावरून. उद्या डॉलर उडाला तर? फर्झाने म्हणाली, उडाला तर रेघ चुकेल. रेघ म्हणजे काही भविष्य नव्हे. पण आडवी रेघ नक्की चुकते हे आपण पाहिलंय, तिरकी निदान कमी चुकेल.

मग तिने पुढच्या गालिच्याची रेघ काढली. पेटीत आता नक्शाच्या कागदाची एक उभी पट्टीच उरली होती, बारा घरं रुंद आणि साठ उंच. लोकर चार लाख पन्नासवर होती, म्हणून पहिला महिना पंचेचाळीस घरांचा, दुसरा सेहेचाळीस, बारावा छपन्न. तिथे कागद संपला. उरलेल्या बारा महिन्यांसाठी उद्या दुसरा कागद चिकटवू असं तिने मनाशी म्हटलं. तेवढ्यात मशिदीतल्या बायका फातिहा म्हणायला आल्या आणि ते राहून गेलं. खालाने पट्टी उचलून मागाच्या खांबाला टाचली, जुने नक्शे टाचलेले होते त्यांच्या शेजारी.

गुरुवारी फर्झाने काशानला गेली. आईचं ओळखपत्राचं पुस्तक नोंदणी कचेरीत जमा करायचं होतं. कारकुनाने ते उघडलं, शेवटच्या पानावर शिक्का मारला आणि पुस्तक परत तिच्याकडे सरकवलं. ठेवून घ्यायचं नाही का, तिने विचारलं. रद्द झालंय, आता तुमच्याकडे असलं तरी चालेल, तो म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा. ती बाहेर आली आणि बसस्टॉपवर दोन बस जाऊ दिल्या.

घरी पोचली तेव्हा दारात हाजी नेमतच्या गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. आरानमध्ये त्याचं दुसरं काम निघालं होतं म्हणून तो दोन दिवस आधीच येऊन गेला होता.

खाला ओसरीवर बसली होती. डोक्यावरचा रुमाल नवा. “ये, बस,” ती म्हणाली. “तुझ्या खालाने आज हाजीला घाम फोडला.”

तिने सगळं तब्येतीत सांगितलं. हाजी म्हणाला होता, लोकरीचे एक कोटी आठ लाख, आजच्या भावाने चोवीस किलो. खालाने त्याला पट्टीसमोर नेऊन उभं केलं होतं. हाजीआगा, लोकर काय तुमची वाट बघत बसणार आहे का खाली, ती चढणार. आणि तिने आकडा सांगितला होता, एक कोटी एकवीस लाख वीस हजार. वीस हजार सुद्धा सोडले नाहीत. हाजीने जपमाळ तीनदा फिरवली, बापाची आठवण काढली, एशरत खानमला जन्नत मिळो म्हणाला, आणि शेवटी ‘मुबारक’ म्हणून चहा प्याला. मुबारक म्हटलं की सौदा बांधला गेला. त्यानंतर भाव हलत नाही. आरानपासून काशानच्या बाजारापर्यंत कुणाचाच हललेला नाही.

फर्झानेने मनातल्या मनात बेरीज केली. मग पुन्हा केली.

“खाला, एक कोटी एकवीस लाख वीस हजार कसे आले?”

“कसे म्हणजे? मोजले. सहाशे सहा घरं.” खालाने पट्टीकडे बोट केलं. “आणि दुप्पट.”

“दुप्पट का?”

खालाने तिच्याकडे असं पाहिलं, की हिला पदवी कुणी दिली. “अर्धा नक्शा दिलास ना तू. उरलेला अर्धा उलटा. पदकापर्यंत चढायचं, तिथून तसंच उतरायचं. डावं ते उजवं, खालचं ते वरचं. असाच असतो नक्शा.”

आणि तसाच असतो. खांबावरच्या एकाही जुन्या नक्शावर पुरा गालिचा नव्हता. कुठे अर्धा, कुठे पाव. पुरा काढायला कागद आणि रंग वाया कोण घालवतो? विणणारी मधोमध पोचली की तोच कागद उलटा वाचू लागते. बत्तीस वर्षांत खालाने अशी एकही वेल पाहिली नव्हती, जी फक्त वर चढली आणि परत आलीच नाही.

फर्झाने उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं. चूक तिची होती. पट्टी त्या खांबाला टाचली जाताना तिने पाहिलं होतं, आणि दोन शब्द बोलायला ती विसरली होती. फरक एकशे चव्वेचाळीस घरांचा, चौदा लाख चाळीस हजार. तिला वाटलं, सांगूच नये. दर महिन्याला इस्फहानहून साठ हजार पाठवत राहावं, खालाला सांगावं की आईचा काहीतरी भत्ता आहे. खालाचा नवा रुमाल तसाच राहील. फसवणूक म्हणावी तर कुणाचं काय जाणार होतं?

ती परत आली तेव्हा जमीले येऊन बसली होती आणि खाला तिला हाजीची जपमाळ कशी फिरत होती ते करून दाखवत होती. फर्झाने खालाच्या समोर बसली.

“आईने मला फोन केला होता,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी, पदक चालू होतं तेव्हा. लोकर चढतेय, हाजीशी बोलू का, म्हणून विचारलं. माझ्यापुढे परीक्षेचे पेपर होते. मी म्हटलं, होईल गं सगळं ठीक. पाच मिनिटांचा हिशेब होता. मी केला नाही.”

जमीले फोनशी चाळा करू लागली.

“करायला हवा होतास,” खाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि समजूतही नव्हती.

“म्हणून आता सांगते. ही रेघ उतरत नाही, खाला. पदकानंतरही ती चढतच राहते. तेराव्या महिन्याला सत्तावन्न, मग अठ्ठावन्न, शेवटच्याला अडुसष्ट. उरलेला अर्धा मी काढायचा राहिला. नक्शासारखा तो उलटा नाही.”

खालाने पट्टीकडे पाहिलं. मग पट्टीच्या उजवीकडच्या कोऱ्या भिंतीकडे. ती रेघ तिथे चुन्यावर चालत गेली असती तर कुठे पोचली असती, ते ती मोजत होती हे दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. बराच वेळ.

“म्हणजे परत येतच नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“हं.” तिने रुमालाची गाठ सोडली आणि तो मांडीवर घडी करून ठेवला. मग म्हणाली, “एशरतच्या वेळी मला वाटायचं, पदक ओलांडलं की उतरेल. तिला मी तसंच सांगत होते. थांब, उतरेल.”

जमीले म्हणाली की हाजीकडे जाऊन सरळ चूक झाली म्हणावं. खालाने नकाराची मान हलवली. मुबारकनंतर चूक सांगायला गेलेल्या बाईला पुढचा गालिचा कोण देतं? फर्झानेने मग ते साठ हजारांचंही बोलून दाखवलं. खाला त्यावर एवढंच म्हणाली, की तुझ्या पगारावर गालिचा विणायचा असेल तर मग मी झोपते आणि तूच वीण.

“ते एकशे चव्वेचाळीस सोड,” ती अचानक म्हणाली. “मला सांग, हाजीच्या पैशांत लोकर कुठवर पुरते?”

फर्झानेने बेरीज केली. बावीस महिने पुरे व्हायला थोडी कमी.

“बावीस महिन्यांत कुठवर येतो आपण?”

जमीलेने उत्तर दिलं, “वरच्या किनारीच्या बुडाशी.”

शनिवारी सकाळी खाला आणि फर्झाने काशानच्या बाजारात हाजीच्या दुकानात पोचल्या. फर्झानेने रात्रीच पट्टीला दुसरा कागद जोडून रेघ पुरी केली होती. बोलायचं मात्र खालाने, असं ठरलं होतं. हाजी नेमत गुंडाळलेल्या गालिच्यांच्या ढिगाऱ्यावर कोपर टेकून बसला होता. कागद पाहताच त्याच्या भुवया चढल्या.

“तूबा खानम, मुबारक म्हटलंय मी.”

“म्हटलंय ना. मी कुठे नाही म्हणते? भाव हलवायला आले नाही. त्या भावात गालिचा कुठवर होतो ते सांगायला आले.” तिने कागद त्याच्यासमोर पसरला आणि बोट रेघेवरून सावकाश नेलं. “ही खालची किनार. हे कोपरे. हे पदक. हे वरचे कोपरे. आणि इथे तुमची लोकर संपते.”

“आणि इथे काय आहे?”

“इथे वरची किनार यायला हवी.”

हाजीने तिच्याकडे पाहिलं. “किनारीशिवाय गालिचा घेणार कोण?”

“तेच विचारायला आले. तुम्ही बाजारातले, तुम्हाला माहीत असेल.”

दुकानातला मुनीम खोकला. हाजीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि फर्झानेकडे वळला. “हे तुमचं काम दिसतंय, मास्तरीणबाई.”

“रेघ तिची,” खाला म्हणाली. “मोजणी माझी. अर्ध्यावर चुकले मी. अर्धा नक्शा उलटा धरला.”

हाजीने कागद उलटा फिरवून पाहिला. मग त्याला कळलं, आणि तो हसला. चिडवून नाही, गालिच्यांत आयुष्य घालवलेला माणूसच हसेल तसा. माझा बाप असता तर त्यानेही तसाच धरला असता, तो म्हणाला. मग हसू आवरून धंद्यावर आला. रेघ चढलीच नाही तर? खाला म्हणाली, मग त्या पैशांत जास्त लोकर येईल, ती तुमच्या दारात आणून टाकीन, मोजून घ्या. त्याने चष्मा लावला, पेन काढलं आणि घरं स्वतः मोजली. शेवटच्या दोन महिन्यांपाशी तो बराच वेळ अडला. फर्झानेला तोंडाशी आलेलं समजावणं गिळावं लागलं. वर्गात मुली गणित सोडवत असताना ती त्यांच्यापुढे अशीच गप्प उभी राहायची आणि ते तिला नेहमी जड जायचं.

शेवटी तो म्हणाला, की भाव हलणार नाही, तो शब्द आहे. पण वरच्या किनारीची दोन किलो लोकर तो आपल्या गुदामातून देईल. रंगवलेली नाही, पांढरी. रंगाईचा खर्च विणणाऱ्यांचा.

खालाने थोडं ओढून पाहिलं. रंगाई अर्धी-अर्धी म्हणाली. हाजीने जपमाळ हातात घेतली आणि मणी ओढत राहिला. तेव्हा तिने स्वतःच ‘मुबारक’ म्हटलं, आणि हे कागदावर लिहून द्या, म्हणजे मुबारक दोन वर्षं टिकेल, असंही म्हटलं. एशरतने असं कधी म्हटलं नसतं. हाजीने मुनिमाला कागद आणायला सांगितलं.

आरानच्या बसमध्ये खाला खिडकीशी बसली. वाळवंटाकडून गरम वारा येत होता. मधेच तिने विचारलं, की ती रंगाई रेघेत धरली होती का. फर्झाने म्हणाली, नाही. मग ती तेवढी आपल्या अंगावर, खाला म्हणाली, आणि चालेल अशा अर्थाने मान हलवली. पुढे घर येईपर्यंत ती डोळे मिटून होती. झोपली नव्हती.

जमीले दारातच उभी होती. काय झालं, हाजी काय म्हणाला, माग राहिला की गेला, असं सगळं तिने एका दमात विचारलं. खालाने चपला काढल्या, आत गेली, मागाच्या वरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून तो हलतो का पाहिला.

“ताणा लावणाऱ्याला उद्या बोलाव,” ती म्हणाली. “आणि त्याला आत्ताच विचारून ठेव, दोन वर्षांनी किती घेशील.”